दगडांना घर, नाण्यांना घर, आणि आपल्याला?

धर्मग्रामात नवे ख्रिस्तमंदिर उभे राहिले, की आपल्याला आनंद होतो, आणि तो व्हावाही. वर्गणी जमते, महागुरुस्वामींच्या हस्ते पायाभरणी होते, कोनशिलेवर देणगीदारांची नावे कोरली जातात. परंतु जुन्या मंदिरातील रंग उडालेला संत अंतोनीचा पुतळा, कातडी बांधणीचा लॅटिन मिस्साग्रंथ, पायपेटी आणि वाळवी लागलेले लाकडी पेटीतले कागद कोठे गेले, हे विचारण्यास कोणाला सवड नसते. पुष्कळदा उत्तर एवढेच असते : भंगारवाल्याच्या हातगाडीवर. ज्या वस्तूंना हात लावून आपल्या आजोबा-पणजोबांनी प्रार्थना केली, त्या आपण किलोच्या भावाने देतो आणि त्याला ‘साफसफाई’ असे नाव देतो. या साफसफाईविरुद्ध आज स्पष्ट बोलायचे आहे.

नाशिक हा काही संग्रहालये ठाऊक नसलेला जिल्हा नव्हे. थंडीच्या दिवसांत मुलाबाळांसह सहलीला निघालेल्या कुटुंबाने सिन्नरला गारगोटी संग्रहालय पाहावे. दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत जन्मलेली स्फटिके तेथे काचेआड मांडली आहेत. अंजनेरीच्या पायथ्याशी नाण्यांच्या अभ्यासासाठी १९८० साली खास संस्था उभी राहिली. पांडवलेण्यांच्या भिंतींवर सातवाहनांचे शिलालेख आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचे स्मारक आहे. दगडांना घर आहे, नाण्यांना घर आहे, चित्रपटालाही घर आहे. फेब्रुवारीत नाशिक रोडच्या बाळ येशूच्या यात्रेला मुंबई-वसईहून गाड्या भरभरून येतात. त्या भाविकांनी विचारले, की येथल्या मराठी ख्रिस्ती माणसाने शंभर-सव्वाशे वर्षे कसे दिवस काढले ते कोठे पाहता येईल, तर रिक्षावाल्याला आपण कोणता पत्ता सांगणार?

आता दूरचे एक उदाहरण पाहू. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम. डिसेंबरात तेथे दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो. अशा अंधाऱ्या, बर्फाळ दिवसांतही तेथली माणसे मुलांचा हात धरून संग्रहालयांत जातात. आर्थर हाझेलियस नावाच्या गृहस्थाने १८७२ साली दालार्ना प्रांतातील प्रवासात पाहिले, की कारखानदारीच्या लाटेत शेतकऱ्यांचे पेहराव, अवजारे, भांडीकुंडी नाहीशी होत आहेत. त्याने ती जमवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी संग्रह लोकांना खुला झाला आणि १८९१ साली ‘स्कानसेन’ हे उघड्यावरचे संग्रहालय उभे राहिले. देशाच्या निरनिराळ्या भागांतील जुनी घरे उकलून आणून तेथे पुन्हा बांधली गेली. ही घरे राजेरजवाड्यांचीच नव्हेत, कुळांची, कारागिरांची आणि गरिबांचीही आहेत.

त्यांत सेग्लोरा गावचे एक लाकडी चर्च आहे, सुमारे १७३० सालचे. गावाने नवे, मोठे चर्च बांधले, तेव्हा जुने नकोसे झाले. आपल्याकडे काय झाले असते ते सांगायला नको. तेथे मात्र ते फळी-फळी सुटे करून १९१६ साली स्टॉकहोमला आणले व पुन्हा उभारले. आजही त्यात विवाह लागतात.

येथे काही वाचक हरकत घेतील, की युरोपातील चर्चे ओस पडली आणि संग्रहालये भरली, तेच आपल्याकडे आणावयाचे आहे काय? हरकत गंभीर आहे, म्हणून उत्तर द्यायला हवे. तेथील श्रद्धा ओसरण्याची कारणे शोधणाऱ्याने खुशाल शोधावीत. पण जुना पुतळा जपल्यामुळे कोणाची श्रद्धा आटली, असे कोणी सिद्ध केलेले नाही. उलट, आपण सर्व काही टाकून दिले म्हणून आपल्या तरुणांची श्रद्धा बळावली, असेही दिसत नाही. आपला धर्म परकीयांनी काल-परवा आणला, असे त्यांना कोणी हिणवले, तर दाखवायला त्यांच्या हाती काय आहे?

दुसरी हरकत अधिक पवित्र भाषेत येते : हा पैसा गरिबांना द्यावा. इ. स. २५८ मध्ये रोममध्ये हुतात्मा झालेल्या संत लॉरेन्सची कथा यासाठी हमखास सांगितली जाते. चर्चचा खजिना मागणाऱ्या अधिकाऱ्यापुढे त्याने गोरगरीब आणून उभे केले. कथा खरोखर थोर आहे. पण तिचा अर्थ नीट लावू या. गरीब हाच जर चर्चचा खजिना असेल, तर त्या गरिबाची काठी, कंदील, घासून गुळगुळीत झालेली जपमाळ आणि बाप्तिस्म्याच्या वहीतले त्याचे नाव हे कचरा कसे ठरते? राजांचा इतिहास ताम्रपटांवर आणि शिळांवर टिकतो. केंदळ, राहाता, संगमनेरच्या परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रभूकडे वळलेल्या गावकुसाबाहेरच्या माणसांचा ताम्रपट कोणी कोरला? त्यांचे नाव मान देऊन लिहिणारी वही बहुधा धर्मग्रामाचीच होती. पहिल्या महायुद्धात जर्मन जेज्विट धर्मगुरूंना हा देश सोडावा लागला, तेव्हाच्या ओढग्रस्तीचे साक्षीदार हे कागदच आहेत. ते रद्दीत घालणे हा गरिबांवरचा दुसरा अन्याय आहे.

आणि हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. १९८३ च्या धर्मसंहितेचे ५३५ वे कलम धर्मग्रामातील जुन्या वह्यादेखील काळजीपूर्वक जपाव्यात, असे बजावते. ४९१ वे कलम प्रत्येक धर्मप्रांतात ऐतिहासिक दप्तरखाना असावा, अशी जबाबदारी महागुरुस्वामींवर टाकते. २००१ साली व्हॅटिकनच्या सांस्कृतिक वारसा आयोगाने चर्चच्या संग्रहालयांच्या मेंढपाळी कार्यावर स्वतंत्र पत्र काढले. जेथे इच्छा झाली तेथे कामही झाले : गोव्यात राशोलच्या सेमिनरीत १९९४ साली ख्रिस्ती कलासंग्रहालय सुरू झाले, ते पुढे जुन्या गोव्यातील संत मोनिकाच्या मठात गेले. मुंबईच्या सरधर्मप्रांताने २०११ साली गोरेगावला वारसा संग्रहालय उघडले. तेव्हा ‘हे आपल्याला परवडणारे नाही’ हे कारण पुरे पडत नाही.

न जपल्याचे फळ काय, हे तर आपल्याच साहित्याने भोगले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६, १६४९ आणि १६५४ असे तीनदा छापले गेले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. राजसत्तेचा रोष, काळ, वाळवी, हेळसांड, जे म्हणाल ते कारण असेल. प्रती गेल्या त्या गेल्याच. ग्रंथ वाचला तो हाताने नकला करून ठेवणाऱ्यांमुळे. त्या हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. कोणा भाविकाने ट्रंकेत बासन बांधून ठेवले, म्हणून मराठीचे हे लेणे आपल्याला मिळाले.

नाशिकचे उदाहरण आणखी बोचरे आहे. आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंनी १८५४ च्या सुमारास येथे शरणपूर वसवले. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले तेथे शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट. १८७३ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता. १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्यांचा दफनविधी झाला, त्या वेळी शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. या ‘बॉम्बे आफ्रिकनां’वर २००७ साली लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने प्रदर्शन भरवले. आणि नाशिककराला शरणपूर रोड म्हटले, की दुकाने आणि वाहनांची गर्दी आठवते!

सुज्ञ वाचकहो, उद्याच भव्य इमारत उभारा, असे म्हणणे नाही. १९८७ साली स्थापन झालेला आपला धर्मप्रांत लवकरच चाळीस वर्षांचा होईल. तेवढ्या अवधीत प्रत्येक धर्मग्रामाने चार गोष्टी कराव्यात. धर्मग्राम मंडळाने जुन्या वस्तूंची व वह्यांची यादी करून तिची एक प्रत धर्मप्रांताच्या कार्यालयात द्यावी. यादीतली कोणतीही वस्तू मंडळाच्या लेखी ठरावाशिवाय मोडीत काढू नये. वह्यांची छायाचित्रे जरूर घ्यावीत. पण छायाचित्र घेतले म्हणून मूळ वही फेकू नये. आणि कोरडी, कुलूपबंद अशी एक खोली या कामासाठी राखावी.

कुटुंबांचे काम याहून सोपे, पण तातडीचे आहे. भिंतीवरच्या जुन्या लग्नाच्या फोटोमागे पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहा. आजीला येणारी उपवासकाळातील गाणी तिच्याच आवाजात मुद्रित करून ठेवा. हरेगावच्या मतमाउलीला पायी गेलेल्या आजोबांना वाट विचारून घ्या आणि लिहून काढा. नवे ख्रिस्तमंदिर बांधाल तेव्हा वर्गणीच्या पावतीबरोबर एक प्रश्नही विचारा : जुन्यातले काय आणि कोठे ठेवणार? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. वर्गणी देणाऱ्याला तेवढा अधिकार निश्चित आहे.