विमान पुढे कोठे जाईल?

गेल्या पौषापासून आमच्या घरी रात्रीची जेवणे आटोपली, की ओटीवर एक नवाच वाद रंगतो. पनवेलजवळ उलवे येथे बांधलेला नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला आणि बंगलोरहून निघालेले इंडिगोचे विमान तेथे प्रथम उतरले. तेव्हापासून या स्वस्त भाड्याच्या विमानकंपन्या आता पुढे कोठे जाणार, याची भाकिते वर्तविण्याचा मुलांना छंदच जडला आहे. एकाने नकाशा पसरावा, दुसऱ्याने रत्नागिरी म्हणावे, तिसऱ्याने बेळगाव. धाकट्या नातवाने तर परवा थेट पोलादपुरासच विमान उतरविले! पोलादपूर ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातील गंमत सांगावयास नको. तेथे धावपट्टीपुरती सपाट जागा हवी, तर सावित्रीच्या पात्रातच शोधावी लागेल.

या पोरखेळात मजसारखा निवृत्त मास्तर भाग घेतो, याचे वाचकांस नवल वाटेल. त्याचे कारण सांगतो. २०२५च्या आषाढात आमचे वडील बंधू दादा अत्यवस्थ झाले. चिरंजीव बंगलोरास. निरोप मिळताच तो निघाला, आणि विमानाने त्याला पावणेदोन तासांत मुंबईस आणून सोडले. तेथून महाडास पोचावयास मात्र त्याला साडेनऊ तास लागले. रात्रभर पाऊस कोसळत होता, त्यात माणगावाजवळ वाहनांची रांग लागलेली. संध्याकाळपर्यंत दादा त्याची वाट पाहात, 'कोठवर आला?' म्हणून पुनःपुन्हा विचारीत होते. पहाटे तो उंबऱ्यात आला तेव्हा त्यांची वाचा बंद झाली होती. तिसऱ्या दिवशी ते गेले.

तेव्हापासून विमानाच्या वाटांविषयी जे हाती येईल ते मी वाचू लागलो, आणि एक गोष्ट माझ्या ध्यानी आली. विमान काही गावाचा मोठेपणा पाहून येत नाही. ते आकाशात असते तेव्हाच काय ते कमावते, जमिनीवर उभे असताना नुसते खाते. म्हणून स्वस्त भाड्याची कंपनी शक्यतो एकाच जातीची विमाने बाळगते आणि उतरलेले विमान अर्ध्याएक तासात पुन्हा उडविते. इंडिगोच्या मोठ्या विमानात १८०च्या वर आसने असतात, 'एटीआर' नावाच्या पंख्याच्या लहान विमानात सत्तरांच्या आसपास. तेव्हा गणित एवढेच, की अमुक गावाहून आज सत्तर माणसे निघतील, तितकीच परत येतील, आणि दिवाळीची गर्दी ओसरल्यावरही हे चालू राहील काय? हुबळी-बंगलोर अशा लहान वाटेने २००३ साली आरंभ करणाऱ्या कॅप्टन गोपीनाथांच्या एअर डेक्कनने एक रुपयाचे तिकीटही काढले होते. पाच वर्षांत ती कंपनी दुसरीच्या पोटात गडप झाली. पुढे २०१७ साली सरकारच्या उडान योजनेतील पहिले विमान उडाले. तीत तुटीची भरपाई सरकार करते, पण तीन वर्षांपुरतीच. महालेखापरीक्षकांनी २०२३ साली हिशेब मांडला तो उद्बोधक आहे. ठरविलेल्या ७७४ मार्गांपैकी सुरू झाले ३७१, तीन वर्षे पुरी केली ११२ मार्गांनी, आणि त्यानंतरही तगून राहिले अवघे ५४.

आपल्या कोकणातलाच दाखला घ्या. सिंधुदुर्गाचा चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला, मुंबईचे विमान येऊ लागले, लोकांनी पेढे वाटले. मुदत सरली आणि २०२४ साली ते बंद पडले. त्याच साली फ्लाय ९१ या गोव्याच्या लहान कंपनीने मात्र त्याच चिपीला पुण्याशी जोडले. असे का झाले असावे? माझा तर्क असा, की मुंबई-सावंतवाडी रात्रीच्या आगगाडीत माणूस निजून जातो, पण पुण्याच्या माणसापुढे सह्याद्री आडवा उभा आहे. रेल्वेने जावयाचे तर पनवेलचा वळसा, रस्त्याने जावयाचे तर घाट. आमच्या वरंध घाटाची वाट तर पावसाळ्यात बहुधा बंदच असते. जेथे डोंगर आडवा येतो आणि आगगाडी वळसा घेते, तेथेच लहान विमानाचे पोट भरावयाचे. म्हणून मुलांनी फारच आग्रह केला तेव्हा मी माझे भाकित सांगून टाकले : पुणे-रत्नागिरी. धावपट्टी तेथे आहेच. आज ती तटरक्षक दलाच्या उपयोगाची. भाकित खोटे ठरले, तर मुलांना आंबे मी देणार आहे.

परंतु ते खरे ठरले तरी आमच्या महाडास त्याचा काय उपयोग? घाट उतरून येणारा माल आणि बाणकोटच्या खाडीतून भरतीबरोबर वर चढणारी गलबते यांच्या भेटीची पेठ म्हणून हे गाव वाढले. पुढे गलबते गेली. कोकणची आगगाडी आली ती गावाबाहेरून, वीरास थांबून, निघून गेली. महामार्गाच्या रुंदीकरणास २०११ साली हात घातला. कशेडीच्या घाटात बोगदे झाले ही चांगलीच गोष्ट, पण त्यांचा लाभ पोलादपूर ओलांडून खेडास जाणाऱ्यांना. मुंबईकडून महाडास येणाऱ्याचा खोळंबा होतो तो अलीकडेच, माणगाव-इंदापुरात. उलव्याचा विमानतळ आमच्या बाजूला आला, म्हणजे मुंबई शहरातून वाट काढावयाचा त्रास तेवढा टळला. पनवेलपासूनचा शंभर-सव्वाशे किलोमीटरांचा रस्ता जिथल्या तिथे आहे.

येत्या आषाढात दादांचे वर्षश्राद्ध. चिरंजीवाचा परवा फोन आला. "काका, आता विमान उलव्यालाच उतरतं. सकाळी निघालो तर दुपारच्या पानाला पोचेन ना?" मी आगगाडीचे वेळापत्रक उघडून पाहिले. दिव्याहून सावंतवाडीस जाणारी, वीरास थांबणारी गाडी भल्या सकाळीच पनवेल सोडते. ती त्याला मिळावयाची नाही. मग उरला रस्ता, आणि आषाढातला पाऊस. मी काहीच उत्तर देईना, तेव्हा आतून वहिनी म्हणाल्या, "त्याला म्हणावं, आदल्या दिवशीच नीघ."