नातवाच्या पाठीवरचे वळ

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगासाठी पाटावर बसायला नातू टाळाटाळ करतो, सदरा काढायला तयार होत नाही. आग्रह केल्यावर पाठीवरचे काळेनिळे वळ दिसतात आणि मागोमाग विनवणी येते, "आजी, बाबांना सांगू नकोस. तक्रार केली तर माझं वर्ष वाया जाईल." वाचकहो, वसतिगृहातून प्रथमच घरी परतलेल्या मुलाची व्यथा पुष्कळदा आपल्याच आधी लक्षात येते. अशा वेळी 'आमच्याही काळी असं चालायचं' असे म्हणून त्याची समजूत घालू नये.

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. शारीरिक वा मानसिक इजा, भीती, लज्जा उत्पन्न करणारे वर्तन त्यात रॅगिंग मानले आहे. शिवीगाळ, धमकी आणि चेष्टाही त्यात येते. म्हणजे वळ नसले तरी तक्रार करता येते. महाविद्यालयाबाहेरच्या भाड्याच्या खोलीत घडलेला प्रकारही कायद्याच्या कक्षेत येतो.

प्रथम त्याच दिवशी मुलाला डॉक्टरांकडे न्यावे, शक्यतो शासकीय रुग्णालयात. तेथे खरे कारण सांगावे. संकोचाने 'जिन्यावरून पडलो' असे सांगितले, तर तोच कागद पुढे आपल्या विरोधात जातो. पोलिसी प्रकरण म्हणून, म्हणजे एमएलसी, नोंद करण्याची विनंती करावी. दुखापत साधी की गंभीर, यावर पुढची कलमे ठरतात. छायाचित्रे काढावीत, मोबाइलवरील संदेश पुसू नयेत. झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे हीसुद्धा इजाच होय. मनोविकारतज्ज्ञांचे कागदही जपावेत. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा मुलाच्या तोंडी आल्यास त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर तत्काळ बोलावे.

त्यानंतर प्राचार्यांकडे लेखी तक्रार द्यावी. ती विद्यार्थी, आईवडील, पालक किंवा शिक्षक करू शकतात. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी, कारण तोंडी तक्रारीचा मागमूस राहत नाही. लेखी तक्रार मिळाल्यापासून ७ दिवसांत प्राचार्यांनी चौकशी करावी, तथ्य आढळल्यास आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे धाडावी, तथ्य नसल्यास तसे लेखी कळवावे, असे कायदा सांगतो. त्यांनी हयगय केली, तर तेही अपराधाला साथ दिल्याबद्दल शिक्षेस पात्र ठरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांन्वये आयोगाच्या १८००-१८०-५५२२ या विनाशुल्क क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

पोलिसांकडे थेटही जाता येते. मुलाला डांबून ठेवणे, गंभीर दुखापत करणे असे दखलपात्र गुन्हे असतील, तर महाविद्यालय परगावी असले तरी आपल्या गावच्या ठाण्यात एफआयआर नोंदवता येतो; त्याची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांना लेखी कळवावे, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे दाद मागावी. वकिलाचा खर्च झेपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० वर विचारावे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आता नातवाच्या धास्तीविषयी. या कायद्यानुसार दोषी ठरणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कारावास आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याला महाविद्यालयातून काढून टाकले जाते आणि ५ वर्षे अन्यत्र प्रवेश मिळत नाही. वर्षे वाया जातात ती अपराध्याची. हे त्याला शांतपणे, तेलाचा हात पाठीवरून फिरवीत सांगावे. मग त्याच्या संमतीने आईवडिलांना विश्वासात घ्यावे. तक्रार दिल्यावर पोच फाइलमध्ये लावावी आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत सातव्या दिवसावर खूण करावी.