पहिला वाढदिवस कोणाचा?

घरातले मूल अकरा महिन्यांचे झाले, की घरात एक नवा प्रश्न उभा राहतो : वाढदिवसाची 'थीम' कोणती? पूर्वी हा प्रश्न मोठ्या शहरांतील थोड्याच घरांत विचारला जात असे. आता तो तालुक्याच्या गावीही विचारला जातो. जंगल, समुद्र, अवकाश, पऱ्यांचे राज्य, एखाद्या चित्रपटातील पात्रे, असे काहीतरी एक निवडायचे आणि भिंतीवरचा पडदा, फुगे, केक, बाळाचे कपडे, पाहुण्यांना द्यायच्या भेटी, हे सारे त्या एकाच धाग्यात ओवायचे. 'थीम' या शब्दाला मराठीत 'कल्पनासूत्र' म्हणता येईल. मात्र बाजारात जाऊन हा शब्द उच्चारला, तर दुकानदार सुताची गुंडी काढून देण्याची शक्यता अधिक!

या प्रकाराला नावे ठेवणारेही पुष्कळ आहेत. 'आमच्या वेळी नव्हती असली थेरे,' असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे मला मान्य नाही. आपल्या बोरन्हाणाकडे पाहा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत लहान मुलाला काळे झबले घालतात, त्यावर हलव्याचे दागिने चढवतात. पाटावर बसवून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या त्याच्या डोक्यावरून ओततात आणि जमलेली मुले त्या वेचण्यासाठी तुटून पडतात. रंग ठरलेला, वेश ठरलेला, खाऊ ठरलेला आणि पाहुण्या मुलांनी घरी न्यायची भेटही त्यातच आलेली! हे कल्पनासूत्र नव्हे तर दुसरे काय? बंगाली कुटुंबांत बाळाच्या पहिल्या भाताच्या समारंभात त्याच्यापुढे पुस्तक, लेखणी, माती, पैसा असे काही मांडतात आणि ते कशाला हात घालते, हे सारे घर कौतुकाने पाहते. सोहळ्याला एक सूत्र असावे, ही हौस आपल्याकडे जुनीच आहे. फरक असलाच तर तो इतकाच, की बोरन्हाणाचे सूत्र ऋतूने सुचवलेले असते. थंडीत जे पिकते तेच त्यात येते आणि काळे कापड त्या दिवसांत ऊबही देते. आजचे सूत्र बहुतेक वेळा दुकानातील तयार संचाने सुचवलेले असते.

पहिल्या वाढदिवसाला इतर वाढदिवसांहून निराळे मोल का, हेही समजून घेतले पाहिजे. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके वर्षाची होण्यापूर्वीच दगावत. २०२० साली हे प्रमाण २८ वर आले. तेही कमी नाही. पण अर्ध्या शतकात केवढा पल्ला गाठला गेला, ते यावरून दिसते. ज्या घरात मुले जगत नसत, तेथे पुढच्या मुलाचे नाव दगडू किंवा धोंडू ठेवण्याची रीत होती. मृत्यूने या पोराकडे ढुंकूनही पाहू नये, ही त्यामागची वेडी आशा. गालावरची तीट, 'फार कौतुक करू नका' हा जुन्या बायकांचा धाक, या साऱ्यामागे तीच धास्ती होती. तेव्हा मूल वर्षाचे झाले याचा आनंद पोकळ नाही. त्या एका वर्षात आईच्या किती रात्री जागरणात गेल्या, हे ज्याचे त्याने आठवावे. असा दिवस साजरा करू नका, असे कोणी कोणत्या तोंडाने सांगावे?

पण तो साजरा होतो कोणासाठी? बाळाला हा दिवस मोठेपणी आठवणार नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांतील प्रसंग मोठेपणी बहुधा कोणालाच आठवत नाहीत. म्हणजे हा सोहळा मोठ्यांचा आहे. हे एकदा मोकळेपणाने कबूल करावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. अडचण अशी, की सोहळा मोठ्यांचा असला तरी त्याच्या मधोमध बसवले जाते ते बाळ. आणि वर्षाचे मूल ज्या वयात असते, त्या वयात अनोळखी चेहऱ्यांची भीती ऐन भरात असते. आई नजरेआड झाली तरी ते कासावीस होते. त्याला दिवसातून एक-दोनदा झोप लागते आणि झोपेची वेळ टळली की ते किरकिरू लागते. मोठा आवाज, लखलखणारे दिवे, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर फिरवणे, हे सारे त्याला सोसत नाही. मी पाहिलेल्या एका वाढदिवसाला जंगलाचे सूत्र होते आणि हौसेने अस्वलाचे सोंग घेतलेला एक माणूस बोलावला होता. ते केसाळ धूड जवळ येताच बाळाने जो टाहो फोडला, तो केक कापून होईपर्यंत थांबला नाही. छायाचित्रे मात्र काढली गेली. प्रत्येक चित्रात सगळे हसत आहेत आणि एक जण रडतो आहे.

म्हणून माझे मत असे, की पहिला वाढदिवस घरीच करावा आणि त्याचे कल्पनासूत्र बाळाच्या त्या वेळच्या जगातून घ्यावे. वर्षाच्या मुलाचे जग फार मोठे नसते. खिडकीवर येणारा कावळा, गल्लीतील मांजर, रात्रीचा चांदोबा, आजोबांची काठी, दूधवाल्याची सायकल. त्यातील कशाकडे ते बोट दाखवते, कशाचे नाव घेण्याचा प्रयत्न करते, हे घरातील माणसांना ठाऊकच असते. ते निवडावे. समजा, तुमच्या बाळाला कावळ्याचे वेड आहे. मराठी घरात काऊ-चिऊच्या नावाने दोन घास जास्त भरवले गेले नाहीत, असे मूल विरळाच. मग काऊ-चिऊचा वाढदिवस करा. आजीची एखादी फिक्या रंगाची सुती साडी भिंतीवर ताणून लावली की आकाश तयार झाले. काळ्या कागदाचे कावळे कापायला घरातील मोठ्या मुलांना बसवावे. ती दोन दिवस आनंदाने गुंतून राहतील आणि त्यांच्या कावळ्यांपैकी काही कोंबड्यांसारखे दिसतील, ते तसेच राहू द्यावेत. काथ्याची घरटी करून उंच टांगावीत, म्हणजे बाळाच्या तोंडात जाणार नाहीत. चिमणी करण्यासाठी जुन्या मातकट कापडाचा बोळा पुरतो. या साऱ्याला पैसे फारसे लागत नाहीत, वेळ मात्र लागतो. आणि तो वेळ घरातील माणसे एकत्र बसून घालवतात, हा त्यातला खरा नफा.

पाहुण्यांची संख्या खोली पाहून ठरवावी. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा माणसे सुखाने बसतात. चाळीस माणसे आली की ती केवळ मावतात. ज्यांना बाळ ओळखते, त्यांना आधी बोलवावे. ज्यांच्या घरी आपण जेवून आलो, त्यांची परतफेड करण्याचा हा दिवस नव्हे. वेळ संध्याकाळचीच हवी, असा काही नियम नाही. बाळ सकाळची झोप काढून ताजेतवाने उठते, तीच वेळ उत्तम.

सजावटीच्या सामानाबाबत थोडी सावधगिरी हवी. फुगा फुटला की त्याचा तुकडा बाळ पटकन तोंडात घालते आणि तो घशात अडकला तर जिवावर बेतते. त्यामुळे फुगे असलेच तर ते हाताला लागणार नाहीत इतके उंच असावेत आणि समारंभ संपताच काढून टाकावेत. रस्त्यावर मिळणाऱ्या गॅसच्या फुग्यांत हायड्रोजन असू शकतो. तो पेट घेतो, म्हणून असे फुगे मेणबत्ती असलेल्या खोलीत आणूच नयेत. फवाऱ्यातून उडवायचा फेसही ज्योतीजवळ धोक्याचाच. सजावटीचे थर्मोकोल आणि फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या यांवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. केक मोठ्यांनी खावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनानुसार सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांना अधिक साखरेचे, अधिक मिठाचे पदार्थ देऊ नयेत. बाळासाठी मऊ गुरगुट्या भात आणि चांगले पिकलेले केळे पुरे. त्याला त्यात काही उणे वाटणार नाही. उणे वाटलेच तर ते मामाला वाटेल.

सजावट झाली, पाहुणे जमले, की मराठी घरात औक्षणाची वेळ येते. पाटाभोवती रांगोळी, ताम्हणात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी आणि ओवाळायला पाच सुवासिनी. येथेच एक माणूस गळते. आई कामावर जात असताना वर्षभर ज्या आजीने बाळाला न्हाऊमाखू घातले, ताप आला तेव्हा मांडीवर घेऊन रात्र काढली, ती जर विधवा असेल, तर ऐन औक्षणाच्या वेळी ती स्वयंपाकघरात काहीतरी काम काढून बसते. तिला कोणी 'जा' म्हणत नाही. 'या' म्हणत नाही, इतकेच. अनोळखी चेहऱ्यांच्या गर्दीत बाळ ज्या चेहऱ्याला शोधत असते, नेमका तोच भिंतीआड राहतो.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या बाबतीतील अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. गावाला त्यासाठी सभा घ्यावी लागली. घरात सभेची गरज नाही. सुनेने किंवा लेकीने ताम्हण उचलावे आणि 'आई, आधी तुम्ही ओवाळा' एवढे म्हणावे. एखादी आत्या नाराज होईल, कोणी अपशकुनाची भाषा काढील. त्यांना उत्तर देत बसू नये. निरांजन लावून आजीच्या हाती द्यावे. दुकानातून कितीही भारी संच आणला, तरी असे काही केल्याचा आनंद त्यातून मिळणार नाही. हे मत काहींना कडक वाटेल, पण घरच्या वाढदिवसाविषयी लिहायचे आणि हे सोडून फुग्यांविषयीच बोलत राहायचे, हे मला जमत नाही.

राहता राहिला खर्च. शेजारच्या घरी झाला तसाच, किंवा त्याहून थोडा अधिक, असा हिशेब सुरू झाला की त्याला अंत नसतो. आणि वर्षाच्या मुलाच्या वाढदिवसासाठी उसने पैसे घेणारी कुटुंबेही आहेत. येणाऱ्या मुलांना काही द्यायचे असेल, तर कागदाच्या पुडीत चुरमुऱ्याचा लाडू आणि घरात कापलेल्या कावळ्यांपैकी एक द्यावा. राहिलेले कावळे पाहुणे गेले म्हणून लगेच काढून टाकण्याची घाई करू नये. बाळ आणखी चार-आठ दिवस तरी त्यांच्याकडे बोट दाखवत राहील.