हुशार मुलीच्या कपाटाला कुलूप

गेल्या वर्षी आषाढात माझी धाकटी बहीण लेकीला घेऊन अमेरिकेहून पंधरा दिवस आमच्याकडे राहायला आली. न्यू जर्सीत शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागते ती जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आणि संपते थेट सप्टेंबरात. त्यामुळे भाचीची ‘उन्हाळी सुट्टी’ आमच्याकडे धो धो पावसात! माझी लेक तेव्हा दहावीत. तिची शाळा सुरू, क्लास सुरू. भाचीही नववी संपवून दहावीतच निघालेली. दोघी एका वयाच्या, दोघीही वर्गात पुढे असणाऱ्या.

भाचीची बॅग उघडली. वरून चॉकलेटं निघाली, बदाम निघाले आणि तळातून तीन पुस्तकं. पानापानांवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या.

“हे गं काय?” मी विचारलं.

“मावशी, हा माझा सुट्टीतला होमवर्क.”

मला वाटलं, व्याकरणाचं वगैरे असेल. बघते तर चक्क कादंबऱ्या!

मग तिनं आणि बहिणीनं मिळून मला समजावलं. तिकडे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. एकाच इयत्तेतली मुलं एकच विषय वेगवेगळ्या पातळीवर शिकतात. साध्या वर्गाच्या वरची पातळी ती ‘ऑनर्स’. ज्या मुलांना ऑनर्सचं इंग्रजी घ्यायचं असतं, त्यांना बऱ्याच शाळा सुट्टी लागतानाच पुस्तकांची यादी देतात. दोन, तीन, कधी त्याहून जास्त. सुट्टीत वाचायची, वाचताना मनात आलेलं टिपून ठेवायचं आणि शाळा उघडली की त्यावर निबंध नाहीतर चाचणी. कोणती पुस्तकं, किती पुस्तकं, हे त्या त्या ठिकाणची शाळाच ठरवते. हार्पर ली यांचं १९६० सालचं ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’, विल्यम गोल्डिंग यांचं १९५४ सालचं ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ही नावं अशा याद्यांमध्ये वर्षानुवर्षं दिसतात. भाचीच्या तीन पुस्तकांत एक अगदी बारीकसं होतं. हेमिंग्वे यांचं ‘द ओल्ड मॅन अँड द सी’.

माझी लेक दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. क्लासची बॅग खांद्यावर. जाता जाता एवढंच म्हणाली, “तिला अभ्यास म्हणून पुस्तकं देतात. माझी अभ्यास म्हणून काढून घेतात.”

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला पुढे बोलता आलं नाही. कारण ती खोटं बोलत नव्हती. नववीचा निकाल लागला, ती वर्गात पहिली आली आणि त्याच आठवड्यात मी तिच्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावलं होतं. किल्ली माझ्या डब्यात. “एक वर्षाचा तर प्रश्न आहे, मग आयुष्यभर वाच,” हे वाक्य मीच म्हटलं होतं. तुमच्यापैकी किती जणींनी म्हटलंय? मे महिन्यात दहावीची व्हेकेशन बॅच, सकाळी गणित, दुपारी विज्ञान. घरी आली की गाईड. गोष्टीचं पुस्तक हातात दिसलं की आपल्या पोटात गोळा येतो. मुलगी हुशार असली की तो जरा मोठाच येतो. जी मुलगी सगळ्यात आवडीनं वाचू शकते, तिचंच वाचन आपण आधी बंद करतो.

आता कुणी म्हणेल, झालं, अमेरिकेचं कौतुक सुरू! तसं नाही. भाचीनं मला त्यांचीही गंमत सांगितली. चिठ्ठ्या चिकटवायच्या म्हणून ती पानं उलटत होती. “मावशी, दर दोन पानांनी काहीतरी लिहावंच लागतं. गोष्टीत शिरले की थांबून लिहायचं. कंटाळा येतो.” आणि गाईडं? ती तिकडेही आहेत! क्लिफ्टन हिलेगास नावाच्या गृहस्थांनी १९५८ मध्ये नेब्रास्कात शेक्सपिअरच्या सोळा नाटकांवरच्या टिपणांपासून धंदा सुरू केला. ती पिवळ्या-काळ्या कव्हरची ‘क्लिफ्स नोट्स’ तिकडच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी मूळ पुस्तकाऐवजी वाचली. आता तर सारांश फोनवरच मिळतो. म्हणजे सक्ती आली की पळवाट आलीच, तिकडे काय आणि इकडे काय.

आणखी एक गोष्ट मला खटकली. मोठी यादी मिळते ती ऑनर्सवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या घरात बहुधा पुस्तकं आधीच असतात त्यांना. खरी गरज कुणाला? १९९६ मध्ये हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ३९ अभ्यासांचा आढावा घेतला होता. लांब सुट्टीनंतर मुलं सरासरी महिनाभर मागे गेलेली असतात, असं त्यात दिसलं. पण वाचनाचं पाहिलं तर मध्यमवर्गीय घरातली मुलं सुट्टीत थोडी पुढेच सरकली होती. गरीब घरातली मागे पडली होती. ज्या घरात पुस्तक नाही, त्या घरात सुट्टीत वाचणार काय?

यावर फ्लोरिडात एक साधा प्रयोग झाला. रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रान्झन या दोघांनी गरीब वस्त्यांमधल्या प्राथमिक शाळांतल्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत बारा-बारा पुस्तकं फुकट दिली. अशी सलग तीन वर्षं. पुस्तकं मुलांनी स्वतः निवडायची होती. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा या मुलांचं वाचन इतरांपेक्षा सुधारलेलं दिसलं. सुट्टीतल्या जादा वर्गांना बसवून जेवढा फरक पडतो, जवळपास तेवढाच. ती मुलं लहान होती आणि आपल्या पोरी दहावीतल्या, हे मला कळतं. पण पुस्तक हाताशी असावं आणि ते आपण निवडलेलं असावं, ही गोष्ट वयानं बदलत नाही.

मग मी काय केलं? त्या संध्याकाळी आमच्या गावच्या वाचनालयात गेले. हेमिंग्वेच्या त्या पुस्तकाचा पु. ल. देशपांडे यांनी मराठीत अनुवाद केलाय, ‘एका कोळियाने’. कपाटाच्या वरच्या फळीवर धूळ खात होता. घरी आणून लेकीच्या हातात ठेवला. “भाची इंग्रजीतून वाचतेय, तू मराठीतून वाच. रात्री जेवणं झाली की अर्धा तास. त्यावर मी काही विचारणार नाही.”

चौरऐंशी दिवस एकही मासा न मिळालेला तो म्हातारा कोळी, मग गळाला लागलेला भला मोठा मासा आणि किनाऱ्याला येईपर्यंत शार्कनी फस्त केलेला तोच मासा. चार-पाच रात्रींत दोघींचं पुस्तक संपलं. आणि मग जी वादावादी सुरू झाली! भाची म्हणे, तो हरला, हातात नुसता सांगाडा आला. माझी लेक म्हणे, हरला कसा? मासा पकडला होता ना त्यानं? माझी बहीण आणि मी भांडी घासता घासता ऐकत होतो. कितीतरी महिन्यांनी माझी मुलगी मार्कांशिवाय दुसऱ्या कशावर तरी एवढ्या तावातावानं बोलत होती. बाहेर पाऊस आणि माजघरात हा गोंधळ. झोपायला बारा वाजले, पण मी काही रागावले नाही.

दुसऱ्या दिवशी कपाटाचं कुलूप काढलं.

दहावीच्या वर्षाचं ओझं मला ठाऊक आहे. अकरावीचा प्रवेश, क्लासची भरलेली फी, सासरच्या माणसांचे प्रश्न, हे सगळं आपल्याच डोक्यावर असतं. मुलीला मार्क कमी पडले तर “आईचं लक्ष नव्हतं” हेच ऐकावं लागतं. म्हणून मी दहा पुस्तकांची यादी देत नाही. एकच सुचवते. मुलीचं ‘कुमारभारती’ उघडा. त्यातले कितीतरी धडे मोठ्या पुस्तकांतून घेतलेले असतात. धड्याबरोबर लेखकाचा परिचय असतो, त्यात पुस्तकांची नावं असतात. तिला जो धडा आवडला, त्याचं अख्खं पुस्तक वाचनालयातून आणून द्या. निवड तिची. रोज अर्धा तास. आणि वाचून झाल्यावर ‘काय शिकलीस?’ असं विचारू नका. विचारायचंच तर आपणही ते पुस्तक वाचावं आणि मग भांडावं. परीक्षेत अपठित उतारा येतो, तो काही गाईड पाठ करून सोडवता येत नाही, हे सासूबाईंना सांगायला उपयोगी पडेल!

शाळांनाही सांगावंसं वाटतं. मे महिन्याची सुट्टी लागताना मुलांच्या हातात एक-एक पुस्तक द्यायला काय हरकत आहे? फक्त पहिल्या बाकावरच्या मुलांना नको, सगळ्यांना. आणि त्यावर मार्क नकोत.

माझ्या लेकीला दहावीला किती मार्क पडले, ते मी मुद्दामच सांगत नाही. चांगले पडले म्हटलं तर तुम्ही पुस्तकांना श्रेय द्याल, कमी पडले म्हटलं तर पुस्तकांना दोष द्याल. मुलीनं पुस्तक वाचावं ते मार्कांसाठी नाही आणि मार्कांच्या भीतीनं तिनं ते बाजूला ठेवू नये, एवढंच माझं म्हणणं.

किल्ली मात्र आता माझ्या डब्यात नाही. कुलूपच उरलं नाही, तर किल्ली काय करायची?