मातीची प्रकृती

जालना जिल्ह्यातील काळ्या मातीचे ढेकूळ फोडून पाहिले, तर साध्या डोळ्यांना त्यात कसलीच हालचाल दिसत नाही. परंतु सुपीक मातीच्या एका चिमटीत कोट्यवधी जिवाणू नांदत असतात आणि त्यांच्याभोवती बुरशीचे केसाहून बारीक धागे पसरलेले असतात. पहिल्या पावसाचा सुवास सर्वांना हवाहवासा वाटतो. तोही बव्हंशी या जिवाणूंचेच देणे होय.

दोघांची कामे निराळी. कोवळा पाला लवकर कुजवावा तो जिवाणूंनी. तुरीमुगाच्या मुळांवर गाठी करून पिकाला हवेतील नत्र मिळवून द्यावे तेही त्यांनीच. पऱ्हाटीसारखे चिवट काष्ठ मात्र बुरशीच्या स्वाधीन करावे लागते. शिवाय तिचे धागे मातीचे कण बांधून ठेवतात. वारंवार नांगरट केली की हे धागे तुटतात. पऱ्हाट्या जाळल्या की बुरशीचे अन्नच नाहीसे होते. मग जमीन जिवाणूंच्या बाजूला झुकते. हंगामी पिकाला ते काही अंशी मानवते, फळबागेला मानवत नाही.

जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या झाडाला केशमुळे फार थोडी असतात. म्हणून स्फुरद मिळवण्यासाठी त्याला मुळांशी सख्य करणाऱ्या बुरशीचा आधार लागतो. २०१२-१३ च्या दुष्काळात येथील कितीतरी बागा पाण्यावाचून वाळल्या. नव्या बागांचा विचार मात्र विहीर आणि शेततळे यांपाशीच थांबावा, हे योग्य नव्हे.

बुरशी म्हटली की बागाइतदाराला डिंक्या रोग आठवतो. (त्याच्या कारक जीवाला शास्त्रज्ञ खरी बुरशी मानतच नाहीत!) ट्रायकोडर्मा ही बुरशी तर रोगट बुरशीवरच उपजीविका करते.

२०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, सामू, सेंद्रिय कर्ब अशा बारा बाबी नोंदल्या जातात. जिवाणू आणि बुरशी यांची गणना तीत नाही. वैद्याने जीभ पाहावी आणि नाडी पाहू नये, तसेच हे झाले. अशी तपासणी खर्चाची आहे, हा आक्षेप खरा आहे. तोवर बागेतील एक सुके ढेकूळ पाण्याच्या पेल्यात सोडावे आणि न नांगरलेल्या बांधावरचे दुसऱ्या पेल्यात. पहिले पाहता पाहता विरघळले आणि दुसरे टिकले, तर बागेतील धागे तुटले आहेत, असे समजण्यास पुष्कळ आधार आहे.