खुणांचा दुभाषी

मुलांनो, तुम्हांला उर्दू येते, मराठीही येते. पण न्यायालयात एखाद्या साक्षीदाराचे उर्दू बोलणे जसेच्या तसे मराठीत सांगायला तुम्हांला जमेल का? दोन भाषा येणे वेगळे आणि दुभाषी होणे वेगळे.

कर्णबधिरांच्या खुणांचेही तसेच आहे. घरी आई किंवा भाऊ त्या खुणा समजावून सांगतात. ही माया मोलाची आहे. पण दवाखान्यात एक खूण चुकली तर औषध चुकते. आणि तक्रार भावाविरुद्धच असेल, तर दुभाषी भाऊच कसा चालेल? 2013 साली साक्षीच्या कायद्यात बदल झाला. बोलू न शकणाऱ्या साक्षीदारासाठी न्यायालयाने दुभाषी किंवा विशेष शिक्षक घ्यावा, असे ठरले. अशा कामाला शिकलेला, प्रमाणपत्र मिळवलेला माणूसच हवा.

काही जण म्हणतात, "कागदाने काय होते?" त्यांचेही थोडे खरे आहे. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था हे शिक्षण देते. पण परभणीहून तेथे जाऊन राहणे सर्वांना परवडत नाही. म्हणून परीक्षा ठेवावी, पण शिक्षण जिल्ह्यात मिळावे. परीक्षकांत कर्णबधिरही असावेत. आपले म्हणणे नीट पोहोचले की नाही, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार?