नकाशाआधी मालकीचं बोला

नाशिकमध्ये गंगापूर रोडने अशोकस्तंभाकडून आनंदवलीकडे निघालं की दोन्ही बाजूंना व्यापारी संकुलं लागतात. रस्त्याकडे तोंड असलेल्या गाळ्यांत गर्दी असते आणि आत शिरलं की शटरामागून शटर बंद. ‘मॉल’ म्हणून थाटात सुरू झालेल्या अशाच एका इमारतीत मागच्या आठवड्यात गेलो होतो. सरकता जिना कधीचाच बंद पडलेला, लोक तो साध्या जिन्यासारखा चढतात. वरच्या प्रसाधनगृहाला कुलूप. सूचनाफलकावर मेंटेनन्स थकवलेल्या गाळ्यांची लांबलचक यादी आणि तिला खेटूनच पुनर्विकासाच्या सभेची नोटीस.

त्या सभेत एफएसआय किती मिळेल, बिल्डर वाढीव कारपेट किती देईल, काम चालू असताना भाडं कोण भरेल, यावर तासन् तास बोललं जाईल. शेजारच्या यादीचा विषय मात्र कोणी काढणार नाही, अशी मला धास्ती वाटते. इमारत ज्या दुखण्याने खंगली, ते त्या यादीतच आहे.

आपल्याकडे मॉल बांधायचा म्हणजे गाळे पाडून विकायचे, अशी रीत पडली. बिल्डरचे पैसे मोकळे होतात आणि तो निघून जातो. मागे उरतात शंभर-दोनशे मालक. कोणी पुण्यात, कोणी दुबईत. कोणी गाळा गुंतवणूक म्हणून घेतलेला, त्याला भाडं आलं तरी चालतं, नाही आलं तरी चालतं. वातानुकूलन दुरुस्त करायचं तर वर्गणीला निम्मे लोक फोन उचलत नाहीत. कुठल्या मजल्यावर कोणतं दुकान असावं हे ठरवणारं कोणी नाही. मग साड्यांच्या दुकानाशेजारी गोदाम येतं आणि गिऱ्हाईक हळूहळू तुटतं.

ही रीत किती महागात पडते, हे भांडुपच्या ड्रीम्स मॉलने दाखवलं. हजाराच्या आसपास गाळे, अनेक मालक, वादावादी आणि शेवटी प्रशासक. मार्च २०२१ मध्ये तिथे आग लागली, तेव्हा वरच्या मजल्यावर कोविड रुग्णालय चालू होतं. रुग्णांचे जीव गेले.

याच्या उलट लोअर परळचं फिनिक्स पाहा. १९०५ सालच्या गिरणीच्या आवारात उभा राहिलेला हा मॉल कंपनीने स्वतःकडे ठेवला आणि दुकानं भाड्याने दिली. दुकान चाललं नाही की बदलता येतं, छत गळलं की दुरुस्त करायला एकच मालक जबाबदार असतो. नाइट फ्रँकच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये देशातल्या आठ मोठ्या शहरांत ४० टक्क्यांहून जास्त रिकामे पडलेले ६४ मॉल होते. त्यांत बहुतेक लहान आहेत. आकार हे कारण आहेच, पण लहान मॉलच बहुधा गाळे पाडून विकलेले असतात, हेही विसरू नये. एकहाती मालकी म्हणजे अमरपट्टा असंही नाही. ताडदेवचा क्रॉसरोड्स १९९९ मध्ये सुरू झाला, तेव्हा आत शिरायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावं लागे. पुढे तो मॉल हात बदलत गेला आणि ओसरला.

म्हणून गंगापूर रोडच्या मालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे की नवा नकाशा पाहण्याआधी मालकीचं ठरवा. दुकानांचे मजले पुन्हा तुकड्यांनी विकू नका. सगळ्यांनी आपापल्या क्षेत्रफळाइतका हिस्सा एका संस्थेत किंवा कंपनीत ठेवावा, भाडं एकत्र जमावं, त्यातून देखभालीची रक्कम आधी बाजूला पडावी आणि उरलेलं वाटलं जावं. हे बिल्डरशी होणाऱ्या करारनाम्यातच लिहून घ्या, कारण ताबा मिळाल्यावर पुन्हा सगळ्यांना एका टेबलाशी बसवणं जमत नाही.

दुसरी गोष्ट भाडेकरूंची. झेरॉक्सवाला, शिंपी, मोबाइल दुरुस्तीवाला हे लोक वर्षानुवर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर बसलेले असतात. पुनर्विकासाचा करार मालकाशी होतो. त्यात यांचं नाव कुठेच नसतं, आणि इमारत पडताना जोडलेलं गिऱ्हाईक जातं ते कुणी भरून देत नाही. रिकाम्या मॉलमध्ये दिवा लावून जी चार दुकानं टिकली, ती यांचीच. नव्या इमारतीत जागा आधी त्यांना विचारली जावी, हे मला न्यायाचं वाटतं, शिवाय मालकांच्याही सोयीचं आहे. पहिल्या दिवसापासून भाडं सुरू होईल.

आणि दुकानांची तोंडं फूटपाथकडे ठेवा. अमेरिकेत डेन्व्हरजवळच्या लेकवूडमध्ये १९६६ चा व्हिला इटालिया मॉल पाडला, तेव्हा त्या जागी पुन्हा बंद पेटी बांधली नाही. रस्ते काढले, त्यांच्या कडेला दुकानं ठेवली आणि वर घरं बांधली. गंगापूर रोडवर संध्याकाळी फिरायला, खायला निघणारी माणसं आधीच आहेत. त्यांना काचेच्या दारातून आत ओढण्याचा खटाटोप एकदा करून झाला आहे.

महापालिकेने इथे एक काम नेटाने करावं. तळघरातलं पार्किंग मंजूर नकाशाप्रमाणे पार्किंगच राहिलं आहे का, हे भोगवटा दाखला दिल्यानंतरही दरवर्षी जाऊन तपासावं. सिंहस्थासाठी रस्ते रुंद करायचे आणि तळघरात गोदामं चालू द्यायची, तर त्या वाढवलेल्या रुंदीत गाड्याच उभ्या राहतील.